ॲनॅलिसिस सोडू की ॲक्चुरियल?

पत्र: ताई नमस्कार. मी पुण्यात टीवायबीएस्सीला आहे, मुख्य विषय गणित, जोडीला स्टॅट. गाव बार्शीजवळ, इथे कर्वेनगरला तिघांत मिळून खोली आहे. मागच्या वर्षी ॲक्चुरियलची (विमा-पेन्शनमधल्या जोखमीचं गणित) एसीईटी ही प्रवेशपरीक्षा पास झालो आणि त्याच जोशात सीएम१ (व्याज-विम्याचं गणित) आणि सीएस१ (संख्याशास्त्र) दोन्ही पेपर एकदम भरले. दोन्ही गेले. सीएम१ थोडक्यात गेला, सीएस१ सपशेल. त्यात कॉलेजात रिअल ॲनॅलिसिसची (लिमिट वगैरेंच्या काटेकोर सिद्धतांचा विषय) केटी लागली. ॲनॅलिसिसचे सर म्हणतात ॲक्चुरियल म्हणजे नुसती सूत्रं टाकायची, ते काय गणित आहे का. जिथे क्लासची चौकशी केली तिथले सर म्हणतात ॲनॅलिसिस पुढे कुठेच लागत नाही, काठावर पास हो आणि विसर. वडिलांचं किराणा दुकान आहे, गेल्या वर्षी टेम्पो घेतला त्याचे हप्ते चालू आहेत (दहा टक्के फ्लॅटने), त्यात क्लासची फी मागायला जीभ रेटत नाही. ते म्हणतात दोन डगरींवर हात ठेवू नकोस, एक काहीतरी धर. मग सोडू कुठलं? अभ्यास करत नाही असं नाही हो, सगळी सोडवलेली उदाहरणं तीन-तीनदा वाचतो, वाचताना सगळं कळतं, पेपरात मात्र हात चालत नाही. प्लीज सांगा.
— एपसायलनने पिडलेला, कर्वेनगर

उत्तर:

अरे पिडलेल्या, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटून दुसऱ्या वाक्यावर अडकले. सर काय म्हणाले, क्लासवाले काय म्हणाले, वडील काय म्हणाले हे सगळं तू सविस्तर लिहिलंस आणि खरी गोष्ट जाता जाता टाकून दिलीस, की तीन-तीनदा वाचतो, कळतं, पण हात चालत नाही. तीन पेपर गेले ना तुझे, ते तीन वेगळ्या कारणांनी गेले नाहीत, एकाच कारणाने गेलेत. म्हणजे यातलं कुठलंही एक सोडलंस तरी जे उरेल त्यातही तू असाच आपटणार. म्हणून सोडायचं काय हे आज ठरवूच नकोस.

हे मी एवढ्या खात्रीने बोलते कारण मीही त्याच वाटेने गेलेय. आमच्या वेळी सीएम-सीएस नव्हतं, सीटी होतं, सीटी१ ते सीटी९. त्यातल्या सीटी५ ला, म्हणजे आयुर्विम्याचं गणित, मी दोनदा पडले. नोकरीसाठी आठवड्यातून दोन-तीनदा मुंबईला जायचे, सिंहगड एक्स्प्रेसमध्ये शिवाजीनगरला बसलं की कर्जत येईपर्यंत सोल्यूशन्स वाचायचे आणि मान डोलवायचे, हो हो बरोबर, असंच असणार. दुसऱ्यांदा पेपर गेल्यावर एका मैत्रिणीने काय केलं, उत्तरावर वर्तमानपत्र ठेवलं आणि म्हणाली पहिली ओळ लिही फक्त. नाही लिहिता आली रे. ज्या उदाहरणावर मी चार वेळा मान डोलवली होती त्याची पहिली ओळ नाही! हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरायचा की शेवटी, इथेच गाडी अडली. छापलेल्या उत्तरात ए वर दोन टिंबं असतात, ती दिसली की सुरुवातीचा हप्ता, नसली की शेवटचा, आणि मी वर्षभर ती टिंबं नुसती बघत होते, ती का दिलीत हे एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. विम्याचा प्रीमियम माणूस जिवंत असताना, वर्ष सुरू होताना भरतो, आणि त्या उदाहरणात मृत्यूची रक्कम तो ज्या वर्षी गेला त्या वर्षाच्या शेवटी मिळायची, एवढी साधी गोष्ट. पण वाचताना ती टिंबं कोणीतरी आधीच देऊन ठेवलेली असतात, पेपरात ती आपल्याला द्यावी लागतात.

आता तुझे दोन्ही सर. दोघांचंही अर्धं अर्धं चुकतंय आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकाच उदाहरणात दिसते. वही घे.

बँक म्हणते वर्षाला १२ टक्के. वर्षातून एकदाच व्याज लावलं तर १०० चे ११२, विषय संपला. दर महिन्याला १ टक्का लावून चक्रवाढ केलं तर वर्षाअखेर १२.६८ टक्के होतं, हे तुला सीएम१ मुळे पाठ असेल. मग दर आठवड्याला लावलं तर? साधारण १२.७३. रोज लावलं तर १२.७५ च्या अगदी अलीकडे. आता तासाला लाव, मिनिटाला लाव, कितीही बारीक कर, ते वाढत राहतं पण १२.७५ च्या भिंतीला काही भोक पडत नाही (नेमकं सांगायचं तर १२.७४९७, ई चा ०.१२ वा घात वजा १). क्लासवाले त्या क्षणाक्षणाला लागणाऱ्या १२ टक्क्यांना फोर्स ऑफ इंटरेस्ट म्हणतील आणि सूत्र लिहून देतील. तू मात्र एक प्रश्न विचार: मला १२.७४ टक्क्यांच्या वर जायचंय, तर वर्षातून कमीत कमी किती वेळा व्याज लावावं लागेल? कॅल्क्युलेटर घेऊन बस, उत्तर ८४ येईल. ८३ वेळा लावलं तर नाही पोचत, ८४ ला पोचतो आणि त्यानंतर कितीही वेळा लावलं तरी खाली येत नाही.

झालं. हेच ते तुझं एपसायलन! भिंतीपासून किती जवळ जायचं हे समोरच्याने ठरवलं, ते एपसायलन, आणि तू शोधलेला ८४ म्हणजे एन. समोरचा म्हणेल अजून जवळ, १२.७४९ च्या वर, तर तू म्हणशील थांब, एन वाढवतो. तो जे मागेल ते तुला देता आलं पाहिजे, व्याख्येत याहून जास्त काही नाही. पण तुमच्या ॲनॅलिसिसच्या पुस्तकात हे 'फॉर एव्हरी एपसायलन देअर एक्झिस्ट्स' असं सुरू होतं आणि आपण ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं पाठ करतो.

म्हणजे ॲनॅलिसिस कुठेच लागत नाही हे काही खरं नाही. सीएम१ आणि पुढे सीएस२ मध्ये फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी येतो, तिथे सरळ लिमिटच घेतलेली आहे: पुढच्या एच एवढ्या काळात मरण्याची शक्यता, भागिले एच, आणि एच शून्याकडे. कायम चालणारी पेन्शन आज किती रुपयांची, ही अनंत श्रेणीची बेरीज, आणि ती बेरीज मुळात येते का हा कन्व्हर्जन्सचा प्रश्न. पेपरात तुला कोणी सिद्धता मागणार नाही हे क्लासवाल्या सरांचं बरोबर आहे, तेवढंच.

आणि कॉलेजच्या सरांना (तोंडावर बोलू नकोस, इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात आहेत) मनातल्या मनात एवढं सांग की धूमकेतूवाला जो हॅली, त्याने १६९३ मध्ये ब्रेस्लाव शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन कोष्टक केलं आणि त्यावरून वार्षिक पेन्शनची किंमत काढून दाखवली. आणि १८२५ मध्ये गॉम्पर्ट्झ नावाच्या माणसाने मांडलं की प्रौढ वयात मृत्यूचा जोर (तोच वरचा फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी) वयाबरोबर घातांकी पटीने वाढतो. म्हणजे लॉग घेतला की सरळ रेष. भारतातल्या विमाधारकांचं कोष्टक असतं ना, इंडियन अश्युअर्ड लाइव्ह्ज मॉर्टॅलिटी २०१२-१४, ते मिळव, एक्सेलमध्ये टाक, मृत्यूदराचा लॉग घे आणि मध्यमवयापासून पुढचा आलेख काढून बघ. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या माणसाने सांगितलेली रेष बार्शी-पुण्याच्या माणसांच्या आकड्यांतही बऱ्यापैकी सरळ दिसते. मी पहिल्यांदा काढली तेव्हा चहा गार झाला होता माझा.

बरं आता टेम्पो. हे मी मुद्दाम घेतेय कारण तू फीचं लिहिताना कंसात 'दहा टक्के फ्लॅट' लिहून पुढे गेलास, आणि सीएम१ थोडक्यात गेलेल्या मुलाने तिथे थांबायला हवं होतं. साधं उदाहरण घेऊ, एक लाख, एकच वर्ष, दहा टक्के फ्लॅट. व्याज दहा हजार, एकूण एक लाख दहा हजार, बारा हप्ते, महिना ९,१६७ रुपये. ऐकायला दहा टक्के. पण वडील पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत करत असतात, वर्षाच्या मध्यावर निम्मं फिटलेलं असतं, व्याज मात्र बाराही महिने पूर्ण लाखावर! आता इक्वेशन ऑफ व्हॅल्यू मांड, म्हणजे घेतलेले पैसे आणि सगळ्या हप्त्यांची आजची किंमत समान. दर महिन्याला एक रुपया असे बारा हप्ते, त्यांची आजची किंमत एक लाख भागिले ९,१६६.६७ म्हणजे १०.९०९१ यायला हवी. महिना दीड टक्का धरून काढ, १०.९०७५ येते. म्हणजे खरा दर दीडच्या अगदी किंचित खाली. वर्षाचा जवळपास १८ टक्के, आणि महिन्याचं चक्रवाढ धरलं तर साडेएकोणीस. दहाचे साडेएकोणीस! तुमचं कर्ज जास्त वर्षांचं असेल, आकडा वेगळा येईल, तो तू काढायचास, हप्त्याचं कार्ड घरून व्हॉट्सॲपवर मागव. मुदतीआधी फेडलं तर काय सूट मिळते तेही त्याच कागदांत बघ.

हे सोडवताना सोल्यूशन कुठेच नसणार, कारण तुझ्या घरच्या टेम्पोचं उत्तर कोणी छापलेलं नाही. म्हणून सांगतेय.

आता अभ्यासाचं. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया जुने पेपर आणि त्यांची उत्तरं फुकट देते, त्याला ते इंडिकेटिव्ह सोल्यूशन म्हणतात. पेपर प्रिंट कर, उत्तरं प्रिंट करू नकोस. अगदी करायचीच असली तर रूममेटकडे दे आणि त्याला सांग मागितली तरी द्यायची नाहीत. एक प्रश्न घे, घड्याळ लाव, एका मार्काला जेमतेम दोन मिनिटं मिळतात त्यामुळे आठ मार्कांना पंधरा-सोळा मिनिटं, आणि काहीही आलं नाही तरी पेन खाली ठेवायचं नाही, निदान काय दिलंय, काय विचारलंय, पैसे कुठल्या तारखेला येतात-जातात याची रेष तरी काढायची. टाइमलाइन काढायला लाज वाटते मुलांना, लहान मुलांचं वाटतं, मी आजही काढते आणि मला त्याचा पगार मिळतो. वेळ संपली की मगच उत्तर बघ आणि तुझ्या वहीत लाल पेनाने फक्त एक ओळ लिही, कुठे अडकलो. 'चूक झाली' असं नको, 'हप्ता ॲडव्हान्स आहे हे वाचलं नाही' असं लिही. महिन्याभराने ती लाल पानं वाचलीस की दिसेल तुझ्या चुका तीन-चारच आहेत, त्याच फिरून फिरून येतायत.

सीएस१ साठी अजून एक सवय लाव, आकडेमोडीआधी अंदाज लिहायचा, आणि तो खोडायचा नाही. हे बघ, तू कर्वेनगरच्या थांब्यावर उभा असतोस. समज बसमधलं अंतर एकदा ५ मिनिटं, एकदा १५ मिनिटं, असं आलटून पालटून आहे. सरासरी अंतर १० मिनिटं. तू कधीही उठून थांब्यावर गेलास तर सरासरी किती थांबावं लागेल? पटकन ५ लिहिलंस ना? उत्तर सव्वासहा. कारण तू १५ मिनिटांच्या मोठ्या फटीत सापडण्याची शक्यता लहान फटीच्या तिप्पट आहे. आणि बस अगदी बेभरवशाच्या, एक्स्पोनेन्शियल अंतराने यायला लागल्या तर सरासरी थांबणं पूर्ण १० मिनिटं, अंतराइतकंच. (पीएमपीची बस आपल्यालाच उशिरा येते असं प्रत्येक पुणेकराला वाटतं, त्यात थोडं गणितही आहे.) अंदाज चुकला की ते उदाहरण डोक्यात राहतं, नुसतं वाचलं की स्वारगेटपर्यंतसुद्धा टिकत नाही.

ॲनॅलिसिसलाही हेच औषध. प्रमेय वाचलं की पुस्तक मिटायचं आणि त्यातली एक अट काढून टाकायची. बंद अंतरालावर कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं, ठीक, 'बंद' काढलं तर? शून्य ते एक, टोकं सोडून, एक भागिले एक्स घे, पळालं ना वर? मोडणारं उदाहरण स्वतः शोधलंस की ती अट तुझी झाली. सिद्धता पाठ करायची वेळ आलीच तर निदान कुठली ओळ त्या अटीमुळे चालते ती अधोरेखित कर. केटी तेवढ्यावर निघेल, मला शंका नाही.

एकदम दोन पेपर भरणं बंद. पुढच्या वेळी फक्त सीएम१, तो थोडक्यात गेलाय, अजून गरम आहे. त्याचा बी पेपर एक्सेलवर असतो, कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारी मशीन रिकामी पडलेली असतात ती वापर. सीएस१ टीवाय संपल्यावर, त्याला आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर लागतं, ते फुकट आहे. डिग्री मात्र अजिबात सोडायची नाही हं, 'पेपर काढतोय म्हणून वर्ष गॅप घेतो' हे वाक्य मी बऱ्याच मुलांकडून ऐकलंय आणि त्यातली थोडीच आनंदात दिसली.

क्लास वाईटच असतात असं नाही म्हणत मी. पुण्यात आपण रँग्लर परांजप्यांचं नाव घेतो, १८९९ चे सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले, मग फर्ग्युसनचे प्राचार्य, पण ती परीक्षा, ट्रायपॉसही तेव्हा घड्याळाशी शर्यत होती आणि तिथली मुलंसुद्धा खाजगी कोच लावायची. क्लास जुनाच आहे. पण क्लास तुला अजून सोडवलेली उदाहरणं देईल आणि तुझ्याकडे ती आधीच ढिगाने आहेत. सहा आठवडे वर सांगितलं तसं कर, रोज दोन प्रश्न, रविवारी एक पूर्ण पेपर. सहा आठवड्यांनी लाल ओळी बघ. 'काय विचारलंय तेच कळलं नाही' असं वारंवार येत असेल तर शिकवणारा माणूस लागेल, मग क्लासचा विचार कर, आणि तेव्हाही अख्खं पॅकेज नको, एकाच विषयापुरतं विचार. 'वेळ पुरला नाही', 'चिन्ह चुकलं' असंच येत असेल तर फी वाचली. आणि ते 'आज भरलं तर सूट' म्हणतील तर खुशाल उठून ये, सूट परत येते.

नोकरीचं सांगते थोडक्यात. फेलो, म्हणजे पूर्ण पात्र ॲक्चुअरी, व्हायला वर्षं लागतात, नोकरी सांभाळत पेपर द्यावे लागतात, अर्ध्या वाटेवर थांबणारे पुष्कळ, मी सहा पेपरांवर थांबले आणि आज प्रायसिंगच्या, म्हणजे प्रीमियम ठरवणाऱ्या, टीममध्ये बरी आहे. प्रत्येक विमा कंपनीला अपॉइंटेड ॲक्चुअरी ठेवावाच लागतो, त्यामुळे कामाला मरण नाही, पण फ्रेशरच्या जागा मोजक्या आणि त्याही मुंबई-गुडगावकडे जास्त, पुण्यात थोड्या. बीएस्सी गणित आणि एक-दोन पेपर निघालेले, एवढ्यावर पहिली मुलाखत मिळू शकते. आणि या सहा आठवड्यांत तुझ्या लक्षात आलं की टेम्पोच्या गणितापेक्षा ते 'अट काढून मोडणारं उदाहरण' शोधायलाच जास्त मजा येतेय, तर एमएस्सीचा फॉर्म भर, मग कोणालाच उत्तर द्यायला नको. ते तुझं तुला वहीतून कळेल, सरांकडून नाही.

आता राहिले वडील. त्यांना फी मागायच्या आधी टेम्पोचा खरा दर काढून दाखव. फोनवर नको, पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा, दुकान बंद करून जेवण झाल्यावर, हप्त्याचं कार्ड समोर ठेवून. एजंटने फसवलं असं म्हणू नकोस, त्यांना लागेल ते, टेम्पो त्यांनी हौसेने घेतलाय. फक्त म्हण, बाबा हा आकडा बघा, मी काढलाय. आणि तो किती आला ते मला कळव, मीही काढून बघते, तुझं चुकलं असेल तर लाल पेन माझ्याकडेही आहे.